दोनशेचा प्लॅन, चाळीसचं नेट

(‘तारेवरची कसरत’ : घरातला फोन, नेट आणि वायरी यांबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारे आमचे सातारचे स्नेही टेलिफोनच्या लाइनवर ३४ वर्षं काम करून निवृत्त झाले आहेत.)

या महिन्यातल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एका ओळीची आहेत : “नेट स्लो आहे, कुठला राउटर घेऊ?” अहो, “पोट दुखतंय, कुठली गोळी घेऊ?” असं कार्ड डॉक्टरांना टाकून चालतं का? घर केवढं, भिंती कसल्या, डबा कुठे ठेवलाय, काही म्हणजे काही नाही. ज्यांनी चार ओळी जास्त लिहिल्या त्यांनाच या वेळी उत्तरं देतोय.

काका, आमचा २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. बेडरूममध्ये मोबाइलवर स्पीड टेस्ट केली की ३५-४० च्या वर काटा जात नाही. कंपनीचा मुलगा येतो, हॉलमध्ये उभा राहून १९० दाखवतो आणि सही घेऊन जातो. खोटं कोण बोलतंय? राउटर बदलू का? डबा दाराशी चपलांच्या कपाटात आहे.
– एक वाचक, कर्वेनगर, पुणे

खोटं कुणीच बोलत नाहीये. तो मुलगा हॉलमधलं बोलतोय, तुम्ही बेडरूममधलं. भांडण मधल्या भिंतींचं आहे आणि भिंतींना बोलता येत नाही.

आधी मोबाइल बाजूला ठेवा. लॅपटॉप घ्या आणि हातभर लॅन केबलनं (डब्यामागच्या चौकोनी भोकात बसते ती नेटची वायर) तो थेट डब्याला जोडा. टीव्ही, मुलांचे फोन, सगळं दहा मिनिटं बंद. मग टेस्ट करा. एकदा सकाळी, एकदा रात्री नऊला. १८०-१९० येत असेल तर कंपनीची जबाबदारी तुमच्या उंबऱ्यापाशी संपली, पुढचं सगळं तुमच्या घरातलं. वायरीवरच ६०-७० येत असेल तर मात्र तक्रार करा आणि हा वायरीवरचाच आकडा सांगा. वायफायवरचा आकडा सांगितलात की तिकडचा माणूस “राउटर बंद करून चालू करा” म्हणून फोन ठेवणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

दुसरा आकडा : डब्यापासून चार पावलांवर उभं राहून मोबाइलवर. तिसरा : बेडरूममध्ये. हे तीन आकडे कागदावर लिहिल्याशिवाय दुकानात पाऊल टाकायचं नाही.

आता तुमच्या ४० कडे येतो. हा आकडा माझ्या ओळखीचा आहे. तुमचा डबा दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ ची लहर भिंतीतून बऱ्यापैकी जाते, पण तिच्यावर माल कमी जातो आणि गर्दी भयंकर. ५ ची लहर भरपूर माल नेते, पण दोन भिंती मधे आल्या की दम टाकते. हल्ली दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असतं. तुमचा फोन बेडरूममध्ये शिरला की ५ सोडून २.४ ला धरतो, आणि पुण्यातल्या सोसायटीत २.४ वर ३५-४० मिळणं म्हणजे अगदी नेहमीचं. फोनमधली वायफायची यादी उघडून शेजाऱ्यांची नावं मोजून बघा. ही सगळी मंडळी एकाच ओसरीवर बसून बोलतायत.

प्रत्येक पट्टीत बोलायच्या ठरलेल्या वाटा असतात, त्यांना चॅनल म्हणतात. २.४ मध्ये एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच : १, ६ आणि ११. पुष्कळ लोक हुशारी करून ३ किंवा ४ लावतात, तिथे कुणी नाही म्हणून. तसं केलंत तर दोन लग्नांच्या मांडवांच्या मधोमध घर घेतल्यासारखं होतं, दोन्हीकडचा स्पीकर तुमच्याच कानात. राउटरच्या सेटिंगमध्ये या तिघांपैकी सगळ्यात रिकामं लावा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा, ४० वर नको. मायक्रोवेव्हही याच २.४ च्या आसपास चालतो. त्यामुळे तो सुरू झाला आणि व्हिडिओ अडकला, तर भूतबाधा समजू नका.

आणि ते चपलांचं कपाट! हसत नाही, कारण मीही तेच केलंय. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आमच्या मुलीचा नोकरीचा इंटरव्ह्यू ऑनलाइन होता. दर पाच मिनिटांनी तिचा चेहरा थिजायचा. मी केबलवाल्या पोराला फोनवर नको नको ते बोललो. दुसऱ्या दिवशी ते पोर आलं, चहा प्यायलं आणि म्हणालं, “काका, राउटर कुठाय?” राउटर होता स्वयंपाकघरात, हिच्या स्टीलच्या डब्यांच्या मांडणीमागे. दिसू नये म्हणून मीच तिथे ठेवला होता. समोर पत्र्याचा बंदोबस्त, बाजूला फ्रिज. ३४ वर्षं लाइनवर काढलेला माणूस! त्या पोरानं राउटर उचलून हॉलच्या फडताळावर ठेवला आणि तसाच गेला. पैसेसुद्धा घेतले नाहीत, हे जास्त लागलं.

तेव्हा डबा कपाटातून काढा. जमिनीवर नको, टीव्हीच्या मागे नको, लोखंडी कपाटाशेजारी नको, माशांच्या टाकीजवळ नको (पाणी या लहरी पिऊन टाकतं). माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, घराच्या जमेल तितक्या मधे. फायबर दारापर्यंतच आली असेल तर फायबर ओढत बसू नका. तिथून लॅन केबल आत न्या. त्यासाठी एक जुन्या माणसाची युक्ती : तुमची इमारत २०-२५ वर्षांची असेल तर दारापासून हॉल-बेडरूमपर्यंत भिंतीतून टेलिफोनचा पाइप गेलेला असतो आणि आज त्यात मेलेली वायर पडून असते. तिच्याच टोकाला कॅट सिक्स केबल (जास्त वेगाला चालणारी लॅन केबल) घट्ट बांधा, एकानं इकडून ओढायचं, एकानं तिकडून सोडायचं. पाइपमधे सिमेंट गेलेलं नसेल तर अर्ध्या तासाचं काम. त्यातल्या काही वायरी आम्हीच टाकल्या होत्या, मेल्यावर कुणाच्या तरी उपयोगी पडू देत.

माझा ३०० चा प्लॅन आहे, पण लॅपटॉपला वायर लावली तरी नेहमी ९४ येतं. कधी ९३, कधी ९५. सकाळ असो, रात्र असो.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

वा! असा दुखणेकरी मिळाला की बरं वाटतं. नेट खरोखर खराब असेल तर आकडा नाचतो, ४०, ११०, ७०. तुमचा आकडा भिंतीला डोकं टेकून उभा आहे. ही भिंत म्हणजे १०० एमबीपीएसचं पोर्ट, म्हणजे लॅन केबल खोचायचं भोक. नेटवरचा माल छोट्या पाकिटांत भरून जातो. वरचे पाच-सहा त्या पाकिटांच्या वेष्टनात जातात, उरतात ९४.

वाटेत कुठेतरी एक जोड शंभरवर अडला आहे. तीन ठिकाणी बघा. एक, राउटर जुना किंवा स्वस्त असेल तर त्याची पोर्टंच शंभरची असतील, तळाच्या चिठ्ठीवर किंवा खोक्यावर ‘१०/१००’ लिहिलेलं असतं. पुढे ‘/१०००’ हवं. दोन, लॅपटॉपचं पोर्ट तसं असेल. तीन, आणि हे फार वेळा निघतं, केबलच्या टोकाचं क्रिम्पिंग, म्हणजे तारा प्लगमध्ये दाबून बसवणं. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. शंभरसाठी नारिंगी आणि हिरव्या जोडीच्या चारच लागतात, हजारसाठी आठही. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी टोकाला नीट बसली नाही तरी दोन्ही बाजू समजूतदारपणे शंभरवर तडजोड करतात आणि तुम्हाला कुणी काही सांगत नाही. आधी केबल बदलून बघा. शंभर-दीडशे रुपयांत काम झालं तर उरलेल्या पैशांचा चिवडा-मिसळ करा, नाशिकमध्येच आहात.

कंपनी १०० चे पैसे घेते, पण गेम डाउनलोड करताना कॉम्प्युटरवर ११ च दिसतात. ग्राहक मंचात जाऊ का?
– एक विद्यार्थी, लातूर

नको. १०० आहेत मेगाबिट, ११ आहेत मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. शंभरला आठनं भागा, साडेबारा येतात. वरखर्च जाऊन ११ म्हणजे तुम्हाला पुरेपूर माप मिळतंय. कंपन्या मोठा दिसणारा आकडा छापतात एवढाच त्यांचा गुन्हा, आणि तो सगळ्यांचा आहे.

आमचं घर जांभ्याचं, जुनं, भिंती दीड फुटी. खाली ओटी-माजघर, वर माडी, मागे परसात वेगळी खोली, तिथे मुलगा घरून काम करतो. ओटीवरचं वायफाय माजघरातच संपतं. एक रिपीटर आणला, काडी पूर्ण दाखवतो, पण नेट चालत नाही. पावसात तर विचारू नका. मेश घ्यावं म्हणतो.
– एक वाचक, गुहागर तालुका

तुमचं पत्र वाचून डोळ्यांसमोर घर उभं राहिलं. एप्रिल-मेमध्ये अशा घरासारखं सुख नाही, पण वायफायला ते तुरुंगच. जांभा सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी धरतो आणि ओली भिंत लहर आणखी खाते. त्यामुळे “पावसात विचारू नका” हे अर्धं खरं भिंतीमुळे आहे. उरलेलं अर्धं बाहेरचं. त्याकडे नंतर येतो.

रिपीटरची फसवणूक समजून घ्या. रिपीटर म्हणजे राउटरचं ऐकून तेच पुढे सांगणारा डबा. फोनमधल्या काड्या तुमचा फोन आणि रिपीटर यांच्यातलं अंतर सांगतात, रिपीटर आणि राउटर यांच्यातलं नाही. तुमचा रिपीटर माजघराच्या पलीकडे, म्हणजे जिथे त्यालाच ऐकू येत नाही तिथे लावलाय. बहिऱ्या निरोप्यासारखं. तो मोठ्यानं बोलेल, पण सांगणार काय? शिवाय साध्या रिपीटरला ऐकणं आणि बोलणं एकाच पट्टीवर आळीपाळीनं करावं लागतं, म्हणून वेग निम्म्यावर येतो. मेशची खोकी, म्हणजे एकमेकांशी बोलून घरभर एकच वायफाय पसरवणारे दोन-तीन डबे, जास्त शहाणी असतात, पण दीड फुटी जांभ्यापलीकडे त्यांचंही काही चालत नाही. दहा-बारा हजार घालून तुम्ही तीन बहिरे निरोपे आणाल.

तुमच्या घराला वायर हवी. ओटीवरून एक कॅट सिक्स केबल वाशांच्या कडेनं माडीवर न्या आणि तिथे दुसरा राउटर किंवा मेशचा दुसरा डबा वायरीनंच जोडा. वायरीला जोडलेला मेश खरोखर छान चालतो. लॅन केबल १०० मीटरपर्यंत बिनधास्त न्यावी, तुमच्या घरात तेवढं अंतर नाही. केबल घेताना एक तार ब्लेडनं खरवडून बघा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचं पाणी दिलेलं ॲल्युमिनियम आहे. दुकानदार ‘कॅट सिक्स’ म्हणूनच विकतो, वजनालाही हलकी लागते. खाऱ्या दमट हवेत तिचे जोड लवकर कुजतात. पूर्ण तांब्याची मागा.

परसातल्या खोलीचं मात्र वेगळं. दोन इमारतींच्या मधे उघड्यावरून तांब्याची तार नेऊ नका. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्या शेजारी बंगल्यातून आउटहाउसपर्यंत मीच हौसेनं लॅन केबल टाकून दिली होती. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वीज पडली ती समोरच्या माळावर, पण दोन्ही टोकांची पोर्टं गेली आणि वर टीव्हीचा डबाही. विजेला थेट तारेवर पडायला लागत नाही. तिथे फायबर टाका : तयार टोकांची बाहेरची फायबर आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटा मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल यांच्यातला दुभाषी डबा). काचेतून वीज धावत नाही. केबलला आधाराची लोखंडी तार असेल तर ती घरात डब्यापर्यंत आणू नका, बाहेरच सोडा. नेट लावणारा पोरगाच हे करून देईल, त्याच्याकडे जोडयंत्र असतं.

आता पावसाचं दुसरं अर्धं. फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ नावाचा दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच घरापर्यंत पोचत नाही, राउटर बंद-चालू करून काही होणार नाही. खांबावरच्या जोडपेटीत पाणी गेलंय, फांदी पडलीय, नाहीतर उंदराखारींनी वायर कुरतडलीय. दिवा लाल नसेल पण पावसात वारंवार तुटत असेल तर माणूस आल्यावर त्याला फायबरमधला प्रकाश मोजायचं मीटर लावायला सांगा. आकडा उणेमध्ये येतो. उणे २० च्या आसपास असला तर छान. उणे २७ ही बहुतेक डब्यांची शेवटची पायरी. तिथे लोंबकळत असेल तर उन्हात चालेल, पावसात जाईल, आणि ते काम बाहेरच्या जोडाचं आहे, तुमच्या खिशाचं नाही. घरातली पिवळी पॅचकॉर्डही (डब्यात खोचलेला फायबरचा तुकडा) बघून घ्या. ती खिळ्याला अडकवून घडी घातलेली मी कितीतरी घरांत पाहिलीय. काच वाकते, पण बांगडीपेक्षा लहान वळण देऊ नये.

राउटरसाठी तीन हजारांपर्यंत तयारी आहे. दुकानदार सहा अँटेनाचा दाखवतोय. ‘१२०० एमबीपीएस’ लिहिलंय. आमचा प्लॅन १५० चा, घर दोन खोल्या-किचन, माणसं चार. घेऊ का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

शिंगं मोजून म्हैस घेतात का कोल्हापुरात? मग राउटर का घेता?

खोक्यावरचे १२०० म्हणजे २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ यांची बेरीज, वर गोल केलेली. तुमचा फोन एका वेळी एकाच पट्टीवर असतो. पुढच्या चाकाचा वेग आणि मागच्या चाकाचा वेग मिळवून गाडी १२० नं पळते म्हणण्यातला हा प्रकार. त्यात भर म्हणजे ‘एसी १२००’ (‘एसी’ म्हणजे वायफायची आधीची, पाचवी पिढी) जातीच्या बऱ्याच स्वस्त राउटरना पोर्टं शंभरचीच असतात. म्हणजे १२०० चा राउटर आणून तुमच्या १५० मधले ९४ च आत येणार. नाशिकच्या वाचकाचं उत्तर वर आहेच.

तुमच्या पैशांत ‘वायफाय ६’ चा साधा राउटर बसतो, खोक्यावर ‘एएक्स १५००’ किंवा तसंच काही असेल. तो घ्या. वायफाय ६ चा फायदा एकट्याचा वेग वाढण्यापेक्षा चार माणसं आणि दहा उपकरणं एकदम बोलायला लागली की दिसतो. वायफाय ७ कडे बघूही नका. तुमचे फोन ते बोलत नसतील तर नवीन भाषा शिकलेल्या माणसाला गावात एकटं सोडल्यासारखं होईल. सगळी पोर्टं ‘१०/१००/१०००’ आहेत का ते दुकानात उभं राहून वाचा. बहुतेक फोनना आत दोनच अँटेना असतात, त्यामुळे राउटरच्या सहापैकी चार तुमच्या घरात शोभेच्या. अँटेनाभोवती लहर मेदूवड्याच्या आकारात पसरते आणि दांडी भोकातून उभी असते. म्हणून एकाच मजल्याच्या घरात त्या उभ्याच ठेवा. वरच्या मजल्यालाही द्यायचं असेल तर एखादी आडवी करा.

एक मात्र आधीच सांगतो, नाहीतर पुढच्या महिन्यात तुमचंच पत्र येईल : नव्या राउटरला फायबर खोचायला भोक नसतं. कंपनीचा डबा तसाच राहणार, त्यातून लॅन केबल नव्याच्या ‘वॅन’ पोर्टात, म्हणजे बाहेरून नेट आत घ्यायच्या भोकात. मग जुन्या डब्याचं वायफाय बंद करा, नाहीतर घरात दोन पाटील होतात. कंपनीला तो डबा ‘ब्रिज मोड’ला टाकायला (म्हणजे त्यानं नेट नुसतं पुढे सोडायचं, राउटरचं काम नव्यानं करायचं) सांगता आलं तर उत्तम, पण मग कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड नव्या राउटरमध्ये भरावं लागतं, ते आधी मागून घ्या.

जाता जाता, चार माणसांना १५० पुष्कळ झाले. एका एचडी व्हिडिओला साधारण ५ लागतात, फोर-केला १५ ते २५. २००४ साली सरकारनं २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं आणि २०२३ मध्ये ती किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली. आम्ही ५६ केबीपीएसच्या मोडेमवर मुलीचा दहावीचा निकाल पाहिलाय. तोवर शेजारणीचा निरोप घेऊन कुणी फोन करू शकत नव्हतं, कारण फोनच अडकलेला.

दुपारी सगळं ठीक असतं. संध्याकाळी माझी ऑफिसची मीटिंग सुरू झाली की आवाज तुटतो. स्पीड टेस्ट मात्र ८० दाखवते. यजमान म्हणतात तुझा लॅपटॉप जुना झालाय.
– एक वाचक भगिनी, अमरावती

ताई, लॅपटॉपला बोल लावू नका, यजमानांचा फोन तपासा. ते संध्याकाळी घरी आले की त्यांचा फोन वायफाय पकडतो आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ वर चढवायला लागतो. स्वस्त प्लॅनमध्ये वर जायचा रस्ता खाली येण्यापेक्षा अरुंद असू शकतो. तो भरला की तुमच्या आवाजाची छोटी पाकिटं त्या व्हिडिओंच्या ट्रकमागे रांगेत उभी राहतात. वेग ८० च असतो, पण वाट पाहणं वाढतं. टेस्ट करताना नुसता वेग बघू नका, ‘पिंग’ (पाकीट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) बघा, आणि तेही यजमानांचा फोन चालू-बंद करून. एरवी १०-२० मिलिसेकंद असणारं ते तीनशे-चारशेवर गेलं तर चोर सापडला. फोटोंचा बॅकअप रात्री दोन वाजताचा लावा. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ (कुणाला आधी जाऊ द्यायचं ते ठरवणारी सेटिंग) असेल तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली, १०० मधले ८५-९० अशी ठेवा. रांग मग राउटरच्या ताब्यात राहते.

यजमानांचा फोन निर्दोष निघाला तर दोष वरचा. फायबरच्या एका धाग्यावरचे जवळपास अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले असतात, पण माझ्या अनुभवात तिथे क्वचितच तुंबतं. तुंबतं ते त्याच्याही वर, गावातल्या ऑपरेटरनं घेतलेल्या मापापेक्षा जास्त गिऱ्हाइकं केली की. सलग चार संध्याकाळी वायरीवरचे आकडे वेळेसकट लिहून द्या. ट्रायचं (टेलिफोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचं) ‘मायस्पीड’ ॲपही मोजायला वापरता येतं. तोंडी तक्रारीपेक्षा त्या चिठ्ठीला जास्त किंमत येते.

मी न्यू जर्सीत असते, आई-बाबा सांगलीत. तिकडे लाइट गेली की व्हिडिओ कॉल मध्येच तुटतो आणि मला धस्स होतं. घरी इन्व्हर्टर आहे, पण तो दिवे-पंख्यांनाच.
– एक वाचक भगिनी

इन्व्हर्टरच्या लाइनवर एक प्लग डब्याजवळ काढून घ्यायला वायरमनला सांगा, ते सगळ्यात टिकाऊ. ते जमत नसेल तर राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना अडॅप्टरवरचा व्होल्टेज वाचून घ्यायला सांगा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण ९ चेही आहेत, आणि चुकीचा लावला तर राउटर जातो. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा. हे विसरतातच. खोक्यावर ८८०० एमएएच लिहिलं असेल तर भुलू नका, तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे जेमतेम ३२ वॉट-तास. आठ वॉट खाणारा डबा कागदावर चार तास चालेल, हातात तीनच लागतील. पुरे आहेत.

एक बाबांना विचारा : लाइट फक्त त्यांच्या घरची गेली तरी नेट जातं, की गल्लीची गेल्यावरच? फायबरच्या वाटेतला वाटणीचा डबा विजेशिवाय चालतो. पण केबलवाल्यानं इमारतीच्या जिन्यात विजेवर चालणारा नेटवर्कचा स्विच (एका वायरीचं नेट अनेक घरांना वाटणारा डबा) बसवून तिथून लॅन वायरी दिल्या असतील, तर घरात कितीही बॅटऱ्या लावा, जिन्यातला स्विच झोपला की सगळं झोपतं. तेव्हा त्या स्विचला बॅकअप द्यायला सोसायटीनं सांगायला हवं.

सूनबाई रात्री राउटर बंद करतात, लहरींनी नातवाच्या मेंदूला धोका म्हणून. माझी रात्रीची भजनं बंद पडतात.
– एक आजी, डोंबिवली

आजी, राउटरच्या लहरींची ताकद एका वॅटच्याही आत असते आणि तुम्ही चार हात लांब गेलात की ती नगण्य होते. क्ष-किरणांसारखी पेशी फोडण्याची ऊर्जा त्यांत नसते. सूनबाईंचा स्वतःचा फोन उशाखाली असेल तर तो राउटरपेक्षा कितीतरी जवळ आहे, पण हे मी सांगितलं म्हणू नका. भजनं दिवसा फोनमध्ये डाउनलोड करून ठेवा, म्हणजे घरात शांतता राहील.

नवीन राउटर आल्यावर २०१५ चा जुना भंगारात देऊ का?
– एक वाचक, कराड

देऊ नका, वायर टाकून लांबच्या खोलीत लावा. आधी त्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार ‘डब्ल्यूपीए २’ आणि ‘एईएस’ करा. तिथे ‘टीकेआयपी’ ही जुनी पद्धत राहिली असेल तर तो बिचारा ५४ एमबीपीएसवरच थांबतो, प्रत्यक्षात वीस-बावीस मिळतात आणि लोक त्याला म्हातारा ठरवतात. मग त्याचं डीएचसीपी (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटायचं काम, ते नव्या राउटरनंच करायचं) बंद करा आणि नव्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याचा १९२.१६८.१.२ करा. नव्याकडून येणारी वायर त्याच्या निळ्या ‘वॅन’ भोकात नव्हे, पिवळ्या ‘लॅन’ भोकांपैकी एकात. रंग वेगळे असले तर शेजारची अक्षरं वाचा, चष्मा लावून.